शर्टाच्या बटणाएवढी श्वासनलिका

कृष्णाकाठ (सांगली) – धागा

दिवाळीला विश्रामबागेतल्या घरी आलो की शेजारचे काका न चुकता विचारतात, "अजून ते नाकातलंच चाललंय का?" काकांचे चुकत नाही. गेली सहा वर्षे मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत माणसाच्या श्वसनमार्गाचे अस्तर शरीराबाहेर वाढवतो आणि त्यावर सर्दी-पडशाचे विषाणू सोडून पुढे काय घडते ते पाहतो. यंदा जिन्यात उभ्या-उभ्या त्यांना जे नीट सांगता आले नाही ते इथे सविस्तर लिहीत आहे, म्हणजे त्यांना दुवा पाठवता येईल आणि आपल्यापैकी ज्यांना शंका असतील त्यांनाही विचारता येतील.

कामाची सुरुवात खरोखरच नाकापासून होते. दात्याची लेखी संमती घेतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञ एक बारीक ब्रश नाकपुडीच्या आतल्या बाजूने फिरवतात. डोळ्यांत पाणी येते, एखादी शिंक येते आणि दात्याचे काम संपते. ब्रशला चिकटून आलेल्या पेशींपैकी आम्हाला हव्या असतात त्या अस्तराच्या तळाशी राहणाऱ्या पेशी, कारण स्वतः विभागत राहून बाकीच्या प्रकारच्या पेशी तयार करण्याची क्षमता त्यांच्यात असते. फुप्फुसाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांचा अभ्यास असेल तर ब्राँकोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायच्या तपासणीच्या) वेळी घेतलेला नमुना किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाचा भाग वापरतात.

या पेशींची संख्या आधी प्लास्टिकच्या बशीत वाढवायची आणि मग त्या छोट्या पेल्यांमध्ये पेरायच्या. आम्ही वापरतो त्या पेल्याचा व्यास ६.५ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या लहान बटणापेक्षाही थोडा कमीच. त्याचा तळ हा सच्छिद्र पडदा असतो आणि ती छिद्रे ०.४ मायक्रोमीटरची, त्यामुळे पोषकद्रव खालून वर पोहोचतो पण पेशी खाली निसटत नाही. पहिले काही दिवस पेशी वरून-खालून द्रवात बुडालेल्या असतात. तळ पूर्ण झाकला गेला की वरचा द्रव काढून घ्यायचा आणि फक्त खालचा ठेवायचा; याला आम्ही आपापसांत "हवेवर घेणे" म्हणतो. आपल्या श्वासनलिकेचीही स्थिती हीच असते: एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्तातून येणारे पोषण. बुडवून ठेवलेल्या पेशी नुसत्या चपट्या पसरून राहतात, पण हवेवर घेतल्या की साधारण तीन ते चार आठवड्यांत त्यांचे खरेखुरे अस्तर होते, ज्यात काही पेशी श्लेष्मा तयार करतात आणि काहींना वर बारीक केस येऊन ते हलू लागतात.

हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा झोडपतात. शरीरात त्यांच्या जोरावर शेंबूड आणि धूळ घशाकडे ढकलली जाते. पेल्यात मात्र बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे श्लेष्मा कडेकडेने गोल फिरू लागतो आणि त्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मंद चकरा मारताना दिसतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला आजोळच्या गुऱ्हाळातली काहील आठवली, जिच्यात गुळव्याने फावडे फिरवले की मळी अशीच कडेने फिरायची.

दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा आणि वरचा श्लेष्मा कोमट क्षारद्रवाने हलक्या हाताने धुवायचा, असे महिनाभर चालते. माझ्या पहिल्या वर्षी बाविसाव्या दिवशी बुरशी लागली आणि चोवीसच्या चोवीस पेले टाकून द्यावे लागले. इनक्युबेटरमध्ये ओलाव्यासाठी ठेवलेल्या ट्रेचे पाणी मी वेळेवर बदलले नव्हते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर विषाणूचे वागणे तो ज्या पेशीवर वाढवला जातो तिच्यावर अवलंबून असते. याचा अनुभव जुना आहे. इंग्लंडमधील सॉल्झबरीजवळच्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये डेव्हिड टायरेल आणि त्यांचे सहकारी बायनो यांच्याकडे बी८१४ या क्रमांकाचा एक नमुना होता. तो स्वयंसेवकांच्या नाकात घातला की सर्दी होत असे, पण प्रयोगशाळेतील नेहमीच्या पेशींवर तो वाढेना. अखेर मानवी भ्रूणाच्या श्वासनलिकेच्या तुकड्यांवर तो वाढला आणि १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रूप पाहिले, आणि १९६८ मध्ये या घराण्याला "कोरोनाव्हायरस" हे नाव मिळाले. (अल्मेडा या ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी होत्या आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून प्रयोगशाळेत कामाला लागल्या होत्या, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.)

हाँगकाँगमध्ये २००५ साली नोंदवलेला एचकेयू१ हा कोरोनाविषाणू तर कोणत्याच नेहमीच्या पेशीत वाढत नव्हता. २०१० मध्ये तो अशाच हवेवर घेतलेल्या मानवी अस्तरावर वाढवता आला. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी वुहानच्या रुग्णांमधील नवा विषाणू वेगळा केला तोही मानवी श्वसनमार्गाच्या पेशींवर, आणि त्यांच्या वर्णनात एक बारीक नोंद आहे की संसर्ग झालेल्या जागेच्या मध्यभागी केसांची हालचाल थांबलेली दिसली. ही नोंद वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, कारण आम्हीही विषाणूचा परिणाम पाहताना आधी केस थांबले का हेच पाहतो.

शंका विचाराव्यात.

---

केळीबाग (वाळवा)

लेख दोनदा वाचला. आमच्याकडे चार एकर केळी आहे आणि सगळी रोपे टिश्यूकल्चरची आणतो. आपण म्हणता ते तंत्र हेच आहे का? तसे असेल तर एका ब्रशमधून लाखो पेले तयार करता यायला हवेत आणि सगळे एकसारखे यायला हवेत. आमच्या बागेत तर घड एकदम काढणीला येतात ते याच कारणाने.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, शाळेच्या पुस्तकात दोन्हींना "ऊती संवर्धन" असेच म्हटले आहे, पण फरक मोठा आहे. केळीच्या कंदातील वाढीच्या टोकाचा तुकडा घेतला तर त्यातून अख्खे झाड तयार होते आणि त्याची हजारो रोपे करता येतात. माणसाच्या नाकातल्या पेशीतून नाक तयार होत नाही, फक्त अस्तर तयार होते. शिवाय या पेशी थकतात. चार-पाच वेळा विभागून पसरवल्या की पुढे केस येण्याचे प्रमाण घसरत जाते आणि नवा दाता शोधावा लागतो.

एकसारखेपणाबद्दलची गोष्ट तर नेमकी उलट आहे. एका दात्याचे पेले एकमेकांसारखे असतात, पण दुसऱ्या दात्याचे वेगळे निघतात, कारण ज्याच्या त्याच्या जनुकांप्रमाणे ऊती वागते. रायनोव्हायरस-सी हा २००६ मध्ये सापडलेला सर्दीचा विषाणू घ्या. तोही नेहमीच्या पेशीत वाढेना, आणि २०११ मध्ये सायनसच्या अस्तराच्या तुकड्यांवर प्रथम वाढला. २०१५ मध्ये कळले की तो सीडीएचआर३ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि हे प्रथिन केसाळ पेशींवर असते. त्या आधीच दम्याच्या अभ्यासात दिसले होते की या प्रथिनाच्या जनुकात एक विशिष्ट फरक असलेल्या लहान मुलांना दम्याचे तीव्र झटके अधिक येतात. सगळे पेले केळीच्या रोपांसारखे एकाच मापाचे असते तर हा धागा जुळलाच नसता. म्हणून आम्ही एखादा निष्कर्ष काढण्यापूर्वी तोच प्रयोग अनेक दात्यांच्या ऊतीवर करून पाहतो.

---

वाईकर

एक भाषिक सूचना. आपण "केस" हा शब्द वापरला आहे, पण आमच्या गावी तयार झालेल्या मराठी विश्वकोशात यासाठी "पक्ष्माभिका" असा शब्द आहे. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, आणि "सिलियम" या मूळ लॅटिन शब्दाचा संबंधही पापणीशीच आहे, त्यामुळे शब्द नेमका बसतो. उच्चाराला जड आहे हे मान्य.

कृष्णाकाठ (सांगली)

शब्द सुंदर आहे आणि यापुढे वापरतो. काकांना मात्र जिन्यात केसच सांगणार.

---

मिरजेचा बालवैद्य

पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आमच्याकडे दोन-तीन महिन्यांची बाळे धाप लागून येतात. आधी नाक गळते, मग दूध ओढणे कमी होते, मग बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागते. बहुतेकदा कारण आरएसव्ही हा विषाणू असतो. आई-वडील "छातीत कफ भरलाय, तो पातळ करा" असे म्हणतात, पण कफ पातळ करण्याच्या औषधाने या बाळांना फारसा उपयोग होत नाही हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपल्या ऊतीवर या आजाराचे काही वेगळे चित्र दिसते का?

कृष्णाकाठ (सांगली)

डॉक्टर, तुमच्या अनुभवाचे उत्तर बऱ्याच अंशी या ऊतीनेच दिलेले आहे, असे मला वाटते.

आरएसव्ही १९५६ मध्ये प्रथम सापडला तो चिंपांझींमध्ये. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पेशींवर वाढवला की तो शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी करतो, आणि अशा पेशीला सिन्सिशियम म्हणतात म्हणून त्याच्या नावात ते मधले एस अक्षर आले. पण २००२ मध्ये अमेरिकेतील गटाने तोच विषाणू हवेवर घेतलेल्या मानवी अस्तरावर सोडला तेव्हा तसे काहीच झाले नाही. तो फक्त वरच्या बाजूने शिरला, जवळजवळ फक्त पक्ष्माभिका असलेल्या पेशींनाच लागला आणि पुन्हा वरच्याच बाजूने बाहेर पडला. म्हणजे ज्या गुणावरून त्याचे बारसे झाले तो गुण प्रत्यक्ष अस्तरात दिसतच नाही. त्याचे पेशीला धरण्याचे ठिकाणही वेगळे निघाले: नेहमीच्या पेशींवर तो हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळीला चिकटतो, खऱ्या अस्तरावर मात्र सीएक्स३सीआर१ हे प्रथिन त्याच्या उपयोगी पडते.

धाप लागण्याचे कारण २०१४ च्या एका अभ्यासात अधिक उलगडले. लागण झालेली केसाळ पेशी फुगून गोल होते आणि अस्तरातून सुटून नळीच्या पोकळीत पडते. विषाणूचे एनएस२ हे एकच प्रथिन यामागे आहे हे दाखवण्यासाठी संशोधकांनी ते दुसऱ्याच, एरवी असे न करणाऱ्या विषाणूत घातले आणि त्याच्या संसर्गातही पेशी गोल होऊन गळू लागल्या. बाळाच्या नळ्या मुळातच अरुंद, त्यात या सुटलेल्या पेशींचा खच साचला की वाट बंद होते. हा खच प्रामुख्याने पेशींचा असतो, तेव्हा श्लेष्मा पातळ करणाऱ्या औषधाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही हे ओघानेच आले.

मी स्वतः हे पाहतो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेला धुतल्यावर निघणारे पाणी गढूळ असते. निरोगी पेल्याचे पाणी किंचित चिकट पण स्वच्छ येते. लागण झालेल्या पेल्यातून मात्र तांदळाच्या पहिल्या धुण्यासारखे पाणी येते, आणि त्याचा थेंब काचेवर घेतला की सुटून पडलेल्या गोल पेशी दिसतात, ज्यांच्यापैकी काहींच्या डोक्यावरचे केस तेव्हाही वळवळत असतात.

मिरजेचा बालवैद्य

तांदळाच्या धुण्याची उपमा उद्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. आभारी आहे.

---

इस्लामपूरची लेक

मार्च २०२० मध्ये आमचे गाव कोरोनाच्या रुग्णांमुळे राज्यभर बातम्यांत होते, ते दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. माझी थोरली बहीण परिचारिका आहे. त्या वेळी तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या घ्यायला सांगितले होते आणि "प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे" असेही सांगितले होते. पुढे त्या गोळीचा उपयोग नसल्याचे जाहीर झाले. मग प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले होते ते खोटे होते का? आणि तसे असेल तर आपल्या या नव्या ऊतीवर तरी आम्ही का विश्वास ठेवावा? राग नाही, पण प्रश्न मनात राहिलेला आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा तोच आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि पुढे सात आठवडे आठवड्याला एकदा, असा प्रतिबंधक डोस सुचवला होता. त्यामागे जे प्रयोग होते ते खोटे नव्हते. ते व्हेरो नावाच्या पेशींवर झाले होते. या पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या आहेत. त्या अमर आहेत, भराभर वाढतात, आणि इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धचे धोक्याचे रसायन त्यांना बनवता येत नाही, त्यामुळे अनेक विषाणू त्यांच्यात मोकाट वाढतात.

आता कोविडचा विषाणू पेशीत दोन वाटांनी शिरू शकतो. पेशीच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस२ नावाचे एक विकर असेल तर ते त्याचे टोक कापून देते आणि तो थेट आत जातो. ते नसेल तर पेशी त्याला एका पिशवीत घालून आत ओढते आणि त्या पिशवीतील आम्लामुळे पुढचे काम होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही पिशवीतील आम्लता घालवते. व्हेरो पेशीत पृष्ठभागावरची वाट जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे गोळीने विषाणू थांबला. आपल्या श्वसनमार्गाच्या पेशींवर मात्र ते विकर भरपूर असते, म्हणून विषाणू पुढच्या दाराने शिरत राहिला आणि आपण मागच्या दाराला कुलूप लावत बसलो. जुलै २०२० मध्ये नेचर या नियतकालिकात दोन अभ्यास आले: एकात मानवी फुप्फुसाच्या पेशींवर हे औषध निष्प्रभ ठरले, दुसऱ्यात हवेवर घेतलेल्या मानवी अस्तरावर आणि माकडांमध्येही. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत त्याआधीच, जूनमध्ये, रुग्णांना लाभ नसल्याचे दिसले होते. घाईच्या त्या दिवसांत हे अस्तर हाताशी असलेल्या प्रयोगशाळा जगातच थोड्या होत्या, आणि व्हेरोच्या बाटल्या मात्र सगळीकडे होत्या. तुमच्या ताईंनी गोळी घेतली ती त्या वेळच्या सल्ल्यावर विसंबून, यात त्यांची काहीच चूक नव्हती.

यावरून व्हेरो पेशी टाकाऊ आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये भारतातील विषाणू याच पेशींवर वेगळा केला, आणि कोव्हॅक्सिन या लशीसाठीचा विषाणूही व्हेरोमध्येच वाढवला गेला. लशीसाठी विषाणूचे भरघोस पीक हवे असते, तिथे ही पेशी उत्तम. औषध माणसाच्या घशात चालेल का हे विचारायचे असेल तर तिचे उत्तर धरू नये.

---

कराडचे मास्तर

मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे जीवशास्त्राचा अधिकार नाही, पण प्रतिरूप आणि वास्तव यांतला फरक आयुष्यभर शिकवला आहे. आपल्या पेल्यात रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, ताप नाही, खोकला नाही. असे असताना "माणसात असे होते" हे विधान आपण कोणत्या आधारावर करता? दुसरे, आमची आई "गार वाऱ्यात हिंडू नको, सर्दी होईल" म्हणत असे आणि मी तिला विषाणूचा सिद्धांत सांगून गप्प करत असे. महाबळेश्वरच्या धुक्यात वाढलेल्या माणसाने याबाबत काय मानावे?

कृष्णाकाठ (सांगली)

सर, पहिला आक्षेप पूर्ण मान्य. पूर्वीच्या संसर्गाची किंवा लशीची आठवण पेल्याला नसते, प्रतिपिंडे तिथे तयार होत नाहीत आणि आजाराचे दुसऱ्या आठवड्यातले वळण, ज्यात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा फुप्फुसाला इजा करते, ते तिथे दिसत नाही. काही प्रयोगशाळा पडद्याच्या खालच्या बाजूला रक्तातील पेशी सोडून ही उणीव थोडी भरून काढतात, आणि २०१० मध्ये हार्वर्डच्या "वीस" (Wyss) नावाच्या संस्थेत डाँगउन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी फुप्फुसाच्या पेशी बसवलेली, श्वास घेतल्यासारखी ताणली जाणारी छोटी चिप केली होती. तरीही पेला तो पेलाच. म्हणून आम्ही त्याला फक्त पहिल्या तीन-चार दिवसांचे आणि फक्त अस्तराचे प्रश्न विचारतो.

पण या मर्यादेतच त्याचा फायदाही आहे. पांढऱ्या पेशी नसूनही हे अस्तर हात बांधून बसत नाही. येल विद्यापीठातील एलन फॉक्समन यांच्या गटाने २०२० मध्ये मानवी अस्तराला आधी साध्या सर्दीचा रायनोव्हायरस दिला आणि तीन दिवसांनी फ्लूचा. फ्लू जवळजवळ वाढलाच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कोविडच्या विषाणूबाबतही हेच दाखवले. इंटरफेरॉनची यंत्रणा औषधाने अडवली की हे संरक्षण नाहीसे झाले. रक्त आणि पांढऱ्या पेशी मध्ये असत्या तर हे काम नेमके कोणाचे हे इतके स्वच्छ सांगता आले नसते. युरोपात २००९ च्या शरद ऋतूत सर्दीची साथ जोरात असताना नव्या फ्लूची लाट काही देशांत लांबली होती, तिचे एक संभाव्य कारण यात दिसते. मात्र कोणी मुद्दाम सर्दी लावून घेऊ नये. दमेकऱ्याला तीच सर्दी रुग्णालयात नेते.

आता आईंच्या वाक्याबद्दल. नाकाच्या पोकळीचे तापमान साधारण ३३ अंश असते, फुप्फुसाचे ३७. रायनोव्हायरस ३३ ला अधिक जोमाने वाढतो हे पूर्वीपासून माहीत होते. फॉक्समन यांनीच २०१५ मध्ये उंदराच्या श्वसनमार्गाच्या पेशींवर दाखवले की यात पेशींच्या दुबळेपणाचाही वाटा आहे, कारण कमी तापमानाला त्यांची इंटरफेरॉनची हाक क्षीण होते. गार वारा विषाणू जन्माला घालत नाही, पण आधीच नाकात बसलेल्या विषाणूला तो मदत करू शकतो, इतके आईंच्या बाजूने म्हणता येईल.

कराडचे मास्तर

आई आज असती तर हे तिला वाचून दाखवले असते. माझा वाद मागे घेतो, निदान अर्धा.

---

केळीबाग (वाळवा)

शेवटची एक शंका. या पेल्यात तुमच्या स्वतःच्या नाकातल्या पेशीही असतील ना? दाता शोधण्यापेक्षा ते सोपे.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, सोपे आहे पण मनाई आहे. प्रयोग करणाऱ्याने स्वतःच्या पेशींवर काम करू नये असा जैवसुरक्षेचा संकेत आहे. परक्याची पेशी सुई टोचून चुकून माझ्या शरीरात गेली तर शरीर तिला परकी ओळखून मारते. माझीच पेशी विषाणू घेऊन परत आली तर ती घरचीच म्हणून आत घेतली जाण्याचा धोका असतो. म्हणून आमचे सगळे दाते दुसरे असतात आणि आम्हाला फक्त क्रमांकाने माहीत असतात. सध्या आमच्याकडे सात क्रमांकाचा एक दाता आहे, ज्याच्या अस्तरावर आरएसव्ही बाकीच्यांपेक्षा फार सावकाश चढतो. तो पुरुष आहे की बाई, कुठल्या गावचा आहे, हे मला कळणार नाही. मंगळवारी पुण्यात परतलो की त्याचे नवे बारा पेले हवेवर घ्यायचे आहेत.